स्टर्लिंगला मुक्काम करा

स्कॉटलंडच्या सहलींच्या पत्रकात स्टर्लिंगला बहुधा एकच ओळ मिळते. सकाळी एडिंबऱ्याहून बस निघते, लॉख लोमंडकडे जाताना वाटेत किल्ल्यापाशी दीड-दोन तास थांबते आणि संध्याकाळी माणसं पुन्हा एडिंबऱ्यात. एवढ्या वेळात दरवाजा, दोन दालनं आणि भेटवस्तूंचं दुकान होतं. माझं म्हणणं आहे, हा कार्यक्रम उलटा करा. मुक्काम स्टर्लिंगला ठेवा, निदान तीन रात्री, आणि एडिंबऱ्याला इथून एखाद्या दिवसापुरतं जाऊन या. गाडीला पाऊण-एक तास लागतो. ग्लासगो तर त्याहून जवळ.

सोय हे त्याचं पहिलं कारण. लोकसंख्येच्या हिशेबात स्टर्लिंग हे स्कॉटलंडमधलं सगळ्यात छोटं शहर आहे, चाळीस हजारांच्या आतलं. शहराचा दर्जाही त्याला २००२ मध्ये, राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात मिळाला. रेल्वे स्टेशन, बसस्थानक, बाजारपेठ, जुनं गाव आणि किल्ला हे सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. ऑगस्टमध्ये एडिंबऱ्यात महोत्सव भरतो आणि तिथल्या खोल्यांचे दर ऐकूनच घरी बसावंसं वाटतं, तेव्हा तर ही सोय फारच कामी येते. दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं आहे. हा मुलूख समजून घ्यायला दोन तास पुरत नाहीत, आणि मुलूख समजला नाही तर इथले किल्ले नुसते दगड वाटतात.

म्हणून पहिल्या सकाळी किल्ल्यावर जाऊ नका. समोरच्या टेकडीवर जा.

शहराच्या ईशान्येला अ‍ॅबी क्रेग नावाचा झाडीने भरलेला कडा आहे आणि त्यावर वॉलेस स्मारकाचा मनोरा. १८६९ मध्ये पुरा झालेला हा मनोरा २२० फूट उंच आहे आणि आत २४६ पायऱ्या आहेत. जिना गोल, दगडी आणि इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर मनोऱ्याच्या पायथ्याशी थांबलात तरी चालेल. निम्मं दृश्य तिथूनही दिसतं. वाटेतल्या एका मजल्यावर पाच फुटांहून लांब तलवार ठेवली आहे. ती विल्यम वॉलेसची म्हणून दाखवतात. इतिहासकारांना त्याबद्दल शंका आहे, पण लोक श्रद्धेने बघतात.

वर पोचल्यावर आधी फोटोंचं आटपून घ्या, मग शांतपणे खाली बघा. फोर्थ नदी सपाट, हिरव्या मैदानातून इतकी वळणं घेत जाते की ती नक्की कुठल्या दिशेला वाहते आहे ते क्षणभर कळत नाही. पलीकडे एकच काळा कातळ मैदानातून वर आलेला आहे आणि त्याच्या माथ्यावर स्टर्लिंगचा किल्ला. आज पश्चिमेला शेतं दिसतात, पण मध्ययुगात तिकडे मैलोन्‌मैल दलदल होती. फ्लँडर्स मॉस या नावाने तिचा काही भाग अजून राखलेला आहे. पूर्वेला नदी रुंद होत खाडीला मिळते. सैन्य, गुरं, तोफा घेऊन दक्षिणेकडून उत्तर स्कॉटलंडात जायचं तर दलदल आणि खाडी यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्ट्यातून, इथल्याच पुलावरून जावं लागे. नाणेघाटाच्या माथ्यावर जीवधन का उभा आहे हे ज्याला घाटवाट चढल्यावर कळलं, त्याला स्टर्लिंगचा किल्ला इथे का, हे वेगळं सांगावं लागणार नाही. स्टर्लिंग ज्याच्या हाती, स्कॉटलंड त्याच्या हाती, असं तिकडे म्हणतात ते याच जागेवरून.

११ सप्टेंबर १२९७ रोजी इंग्रज फौज हाच पूल ओलांडत होती. पूल लाकडी होता आणि दोन घोडेस्वार शेजारी-शेजारी जेमतेम जातील एवढाच रुंद. वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांची माणसं अ‍ॅबी क्रेगच्या बाजूला दबा धरून होती. आपल्याला पेलेल एवढी फौज अलीकडे येऊ दिली आणि मग पुलाचं तोंड दाबून धरलं. पलीकडे राहिलेल्यांना आपली माणसं मरताना पाहण्यापलीकडे काही करता आलं नाही. इंग्रजांचा खजिनदार क्रेसिंगहॅम त्यात मारला गेला. मरेला जखमा झाल्या आणि तो फार जगला नाही. ‘ब्रेव्हहार्ट’ या १९९५ च्या चित्रपटात ही लढाई आहे, पण तिच्यात पूलच नाही! ज्यावर सगळी लढाई फिरली तोच गाळून टाकला. स्मारकावरून उतरलात की परतीच्या वाटेवर नदीवरचा जुना दगडी पूल जरूर बघा. तो नंतरच्या काळातला आहे, लाकडी पूल त्याच्या थोडा वरच्या अंगाला होता. पण कठड्याशी उभं राहून स्मारकाकडे आणि किल्ल्याकडे आळीपाळीने बघितलं की लढाईचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. आता या पुलावर फक्त पायी चालणारे आणि सायकलवाले असतात.

वेळ असेल तर नदीच्या वळणातलं कँबसकेनेथ मठाचं ठिकाणही याच दिवशी होतं. बाराव्या शतकातल्या या मठाचा घंटामनोरा तेवढा शाबूत आहे, बाकी पाये. तिसरा जेम्स राजा आणि त्याची राणी मार्गारेट इथे पुरलेले आहेत. गर्दी जवळजवळ नसते.

आता किल्ला. यासाठी दुसरा दिवस राखून ठेवा आणि दरवाजा उघडायच्या वेळेलाच पोचा, कारण अकराच्या सुमारास सहलींच्या बसगाड्या येऊ लागतात. स्टेशनापासून वर जायला वीस-पंचवीस मिनिटांचा चढ आहे. बहुतेक लोक बाजारातून सरळ चढतात. तुम्ही ‘बॅक वॉक’ने जा. जुन्या तटबंदीच्या बाहेरून, झाडांखालून जाणारी ही पायवाट अठराव्या शतकात आखलेली आहे. एका हाताला शहराची भिंत आणि दुसऱ्या हाताला उतार. पुढे खाली गवतात पायऱ्यापायऱ्यांची अष्टकोनी आकृती दिसेल. ती ‘किंग्ज नॉट’, सतराव्या शतकातल्या राजबागेचा सांगाडा. गावकरी तिला ‘कप-बशी’ म्हणतात, आणि वरून पाहिल्यावर ते नाव चपखल वाटतं.

तिकीट आधी इंटरनेटवर काढून ठेवलं तर रांग टळते. किल्ल्यात शिरल्यावर आपल्या मनात किल्ल्याचं जे चित्र असतं त्याला पहिला धक्का बसतो तो रंगाने. पडके बुरूज आणि शेवाळ यांच्या अपेक्षेने आलेल्या माणसाला समोर पिवळसर सोनेरी रंगाची भलीमोठी इमारत दिसते. ती चौथ्या जेम्सने १५०० च्या आसपास बांधलेलं मेजवानीचं दालन, ‘ग्रेट हॉल’. मध्ययुगीन स्कॉटलंडमधलं या प्रकारचं सगळ्यात मोठं दालन. पुढे लष्कराने इथे बराकी केल्या आणि या दालनाला मधे मजले घालून खोल्या पाडल्या. १९६४ मध्ये लष्कर हललं, मग कैक वर्षं काम करून ते मजले काढले, छताची लाकडी कैची नव्याने उभारली आणि १९९९ मध्ये दालन खुलं झालं. बाहेरून चुन्याचा गिलावा आणि वर हा सोनेरी रंग. मूळ इमारत अशीच होती असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता, तरी गावातल्या पुष्कळांना तो खटकला. मला विचाराल तर रंग बरोबर आहे. राजाला आपला किल्ला दहा कोसांवरून दिसायला हवा होता, आणि तो आजही दिसतो.

आत पाच चुली आहेत, म्हणजे भिंतीतल्या शेकोट्या. माणूस उभा राहील एवढ्या. १५९४ मध्ये सहाव्या जेम्सच्या मुलाच्या, हेन्रीच्या बाप्तिस्म्याची मेजवानी इथे झाली. माशांचे पदार्थ वाढायला शिडं उभारलेलं लाकडी गलबत आत आणलं होतं आणि त्यावरच्या तोफाही उडवल्या होत्या. ज्या समारंभासाठी एवढा थाट, त्यासाठीच शेजारचं राजप्रार्थनागृह घाईघाईत नवं बांधलं गेलं.

किल्ल्यात सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो राजवाड्याला. पाचव्या जेम्सने आपल्या फ्रेंच राणीसाठी, मेरी ऑफ गीझसाठी, १५३८ नंतर हा बांधायला घेतला आणि तो पुरा झालेला पाहण्याआधीच १५४२ मध्ये वारला. २०११ मध्ये सहा खोल्या त्या काळी असाव्यात तशा रंगवून, सजवून खुल्या केल्या. वर बघायला विसरू नका. छतात मीटरभर व्यासाच्या ओक लाकडातल्या चकत्या बसवल्या आहेत आणि प्रत्येकीवर एक चेहरा आहे: राजे, राण्या, रोमन सम्राट, विदूषक. या नव्या कोरलेल्या प्रतिकृती. अठराव्या शतकात जुनं छत ढासळू लागल्यावर मूळ चकत्या उतरवल्या गेल्या आणि गावभर पांगल्या. त्यातल्या तीसहून अधिक वाचल्या. त्या वरच्या मजल्यावर वेगळ्या दालनात, रंग उडालेल्या स्थितीत लावल्या आहेत. आधी खालचे भडक चेहरे, मग वरचे मूळ, या क्रमाने बघा. उलट केलंत तर खालचे नकली वाटायला लागतात.

राणीच्या खोलीतले एकशिंगी घोड्याच्या शिकारीचे विणलेले पडदे हीसुद्धा नवी निर्मिती आहे. पाचव्या जेम्सच्या मालमत्तेच्या यादीत एकशिंग्याच्या कथेचे पडदे होते, पण ते उरले नाहीत. त्याच काळातला त्याच विषयाचा प्रसिद्ध संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे आहे. त्यावरून विणकरांनी दहाहून अधिक वर्षं खपून हे सात पडदे हातमागावर विणले. एकशिंग्या हा स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी. एकदा तो डोळ्यांत बसला की गावातल्या चौकातल्या खांबावर, दारांवर, फलकांवर तो सारखा दिसू लागतो. खोल्यांमध्ये त्या काळचा पोशाख घातलेली माणसं असतात. त्यांना राणीच्या दिनक्रमाबद्दल, जेवणाबद्दल खुशाल विचारा, ती मन लावून उत्तरं देतात. मुलं बरोबर असतील तर तळघरातल्या खोल्यांपासून त्यांना हलवणं अवघड जाईल, कारण तिथे वाद्यं, कपडे, कोरीवकाम हे सगळं हाताळायला मिळतं.

किल्ल्याच्या तटावरून फिरताना काही गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणजे दगड बोलू लागतात. १३०४ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेढा घातला तेव्हा आत तीसेक माणसं होती. ती शरण यायला तयार झाली, तर राजाने थांबवलं. कारण ‘वॉरवुल्फ’ नावाचं दगड फेकणारं प्रचंड यंत्र नुकतंच बांधून तयार होतं आणि ते चालवून बघायची त्याला हौस होती. १४५२ मध्ये दुसऱ्या जेम्सने डग्लसच्या सरदाराला अभयपत्र देऊन जेवायला बोलावलं आणि वादावादीत स्वतःच्या हाताने भोसकलं. आणि १५०७ मध्ये जॉन डेमियन नावाच्या दरबारी किमयागाराने पिसांचे पंख लावून या तटावरून फ्रान्सकडे उड्डाण केलं, असं जुन्या बखरीत आहे. तो खाली पडला, मांडीचं हाड मोडलं. दोष पिसांचा, म्हणे. त्यात कोंबडीची पिसं मिसळली होती आणि कोंबड्यांची ओढ उकिरड्याकडे!

तिकिटातच अर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचं संग्रहालय येतं. पुष्कळ लोक ते टाळतात. आपण टाळू नये. या पलटणीत पुढे सामील झालेली ९३ वी हायलँडर्स ही तुकडी १८५७ मध्ये भारतात होती. नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदर बागेत तिने जी कत्तल केली तिची हकिगत तिकडे शौर्याच्या भाषेत सांगतात. त्यानंतर ६ डिसेंबरला कानपूरला तात्या टोप्यांच्या फौजेवर जो हल्ला झाला त्यातही ही तुकडी होती. मराठी माणसाने इथली पदकं बघताना मनात दुसरी बाजू धरून बघावं.

किल्ल्याला सकाळ पुरी लागते. दुपारी उतरताना बॅक वॉकने नको, जुन्या गावातून उतरा. वाटेत अर्गाइल्स लॉजिंग हा सतराव्या शतकातला वाडा, मग मार्स वर्क ही नुसती दर्शनी भिंत उरलेली इमारत, आणि तिला लागून होली रूड चर्च. इथे थांबा. २९ जुलै १५६७ रोजी, वयाच्या तेराव्या महिन्यात, सहाव्या जेम्सचा या चर्चमध्ये राज्याभिषेक झाला आणि प्रवचन जॉन नॉक्सने दिलं. त्याच्या आईला, मेरीला, तेव्हा कैदेत ठेवून गादी सोडायला लावलं होतं. ती स्वतः नऊ महिन्यांची असताना, ९ सप्टेंबर १५४३ ला, वर किल्ल्यात तिचा राज्याभिषेक झाला होता. आई वर, मुलगा खाली, आणि दोन्ही राज्याभिषेक अंगावरच्या दुधाच्या वयातले. चर्चच्या छताचं ओक लाकूड मध्ययुगातलं आहे. बाहेर मनोऱ्यावर गोळ्यांच्या खुणा आहेत, त्या १६५१ च्या वेढ्यातल्या.

चर्चमागची दफनभूमी उंचसखल, मोकळी आणि फिरायला प्रसन्न आहे. लेडीज रॉक या खडकावर बसून शिदोरी सोडायला हरकत नाही. शेजारच्या कौएन्स हॉस्पिटलच्या दारावर जॉन कौएन या सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्याचा पुतळा आहे. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री तो खाली उतरून नाचतो अशी गावची समजूत आहे. पुढे ब्रॉड स्ट्रीटने बाजारात या. अजून पायांत बळ असेल तर डंबार्टन रोडवरच्या स्मिथ कलादालनात जा. तिथे जगातला सगळ्यात जुना ज्ञात फुटबॉल आहे: डुकराच्या मूत्राशयावर कातडं शिवलेला, १५४० च्या सुमाराचा. तो मिळाला कुठे, तर राजवाड्यात राणीच्या खोलीच्या लाकडी अस्तरामागे. कोणी आणि का लपवला, याचे तर्क ज्याने-त्याने करावेत.

बॅनकबर्नबद्दल स्पष्ट सांगतो. १३१४ च्या २३ आणि २४ जूनला रॉबर्ट ब्रूसने दुसऱ्या एडवर्डचा जिथे पराभव केला, ते ठिकाण शहराच्या दक्षिणेला बसच्या अंतरावर आहे. लढाई स्टर्लिंगच्या किल्ल्यावरूनच झाली. जिंकल्यावर इंग्रजांना तो पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ब्रूसने त्याचे तट पाडून टाकले. पण जागेवर आज गवत, ब्रूसचा घोड्यावरचा पुतळा, माहिती केंद्र आणि भोवती घरं एवढंच आहे. नेमकी लढाई कुठल्या तुकड्यावर झाली यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. युद्धशास्त्राची आवड असेल तर जा, नाहीतर तो वेळ डूनच्या किल्ल्याला द्या.

डून हे खेडं वायव्येला तेरा-एक किलोमीटरवर आहे. रेल्वे नाही, कॅलंडरकडे जाणारी बस तिथे थांबते आणि गावातून किल्ल्यापर्यंत दहा मिनिटांची पायवाट आहे. परतीच्या बसची वेळ उतरतानाच टिपून घ्या, रविवारी गाड्या विरळ असतात. हा किल्ला स्टर्लिंगनंतरच बघावा, असा माझा आग्रह आहे. तिथे रंग, पडदे, छत सगळं भरलेलं असतं. इथे तीच रचना उघडी मिळते. प्रवेशद्वारावर शंभरेक फूट उंच मनोरा, त्यात धन्याचं दालन. मग मोठं दालन आणि त्याच्या टोकाला स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरातली चूल बघाच, अख्खा बैल भाजता येईल एवढी तिची कमान आहे. तिथून दालनाकडे अन्न द्यायच्या खिडक्या आजही आहेत. वाढपी कुठून वळत असेल, धूर कुठून जात असेल, धनी आतल्या जिन्याने कसा निसटत असेल, हे मोकळ्या भिंतींमुळे चटकन कळतं.

हा किल्ला चौदाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट स्टुअर्टने, अल्बनीच्या ड्यूकने बांधला. तो राजाचा भाऊ. पण भावाच्या आणि पुतण्याच्या नावाने राज्य तोच हाकत होता. पुतण्या, पहिला जेम्स, अठरा वर्षं इंग्रजांच्या कैदेत होता आणि त्याला सोडवायची काकाला फारशी घाई नव्हती. १४२० मध्ये रॉबर्ट म्हातारा होऊन अंथरुणातच मेला. १४२४ मध्ये जेम्स सुटून आला आणि पुढच्याच वर्षी त्याने रॉबर्टच्या मुलाचा, मर्डॉकचा, स्टर्लिंगला शिरच्छेद करवला. किल्ल्याशेजारच्या गोवन टेकडीवर शिरच्छेदाचा म्हणून दाखवतात तो दगड जाळीखाली ठेवला आहे.

डूनला येणारे निम्मे लोक मात्र सिनेमासाठी येतात. ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ हा १९७५ चा चित्रपट मोठ्या प्रमाणात इथे चित्रित झाला. ‘आउटलँडर’ मालिकेतला लेओखचा किल्ला हाच. किल्ल्याच्या ध्वनिमार्गदर्शकात मॉन्टी पायथनवाल्या टेरी जोन्सचा आवाज आहे आणि तो इतका मजेशीर आहे की चित्रपट पाहिला नसला तरी घ्यावा. अंगणात कुणी नारळाच्या करवंट्या वाजवत घोडदौड करताना दिसलं तर दचकू नका, तो चित्रपटातला विनोद आहे. मला जास्त रंजक वाटते ती १७४६ ची हकिगत. जॅकोबाइट बंडखोरांनी फॉल्कर्कच्या लढाईत पकडलेले कैदी इथे वरच्या खोलीत ठेवले होते. त्यांतल्या काहींनी चादरींना गाठी मारून दोर केला आणि खाली उतरून पळ काढला. पळणाऱ्यांत जॉन होम होता, जो पुढे नाटककार म्हणून गाजला. त्याच कैद्यांत जॉन विदरस्पून हा पाद्रीही होता. तीस वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली.

डोंगर चढायची हौस असेल त्यांनी कॅसल कँपबेल चुकवू नये. स्टर्लिंगहून ओखिल टेकड्यांच्या पायथ्याच्या गावांतून पूर्वेला जाणारी बस डॉलर या गावी सोडते. तिथून चढ सुरू होतो. एक रस्ता डांबरी आहे, दुसरी वाट घळीतून, ओढ्याकाठाने, ओल्या दगडांवरून आणि लाकडी पुलांवरून जाते. दरड किंवा पडझडीमुळे घळीतली वाट कधी कधी बंद असते, तेव्हा पायथ्याचा फलक वाचूनच शिरा. माथ्यावर दोन ओढ्यांच्या बेचक्यात पंधराव्या शतकातला चौकोनी मनोरा आहे. ओढ्यांची नावं ‘चिंता’ आणि ‘दुःख’ अशा अर्थाची, आणि किल्ल्याचं जुनं नावही ‘ग्लूम’, म्हणजे उदासीच. अर्गाइलचा पहिला सरदार कॉलिन कँपबेल याला सासरकडून आलेल्या या वास्तूचं असलं नाव सोसवेना, म्हणून त्याने पार्लमेंटकडून ते बदलून घेतलं. मनोऱ्याच्या गच्चीवरून खालचं फोर्थचं खोरं दिसतं. पाऊस असेल तर इथे जाऊ नका. दगड निसरडे होतात आणि वरून ढगाशिवाय काही दिसत नाही.

आता खर्चाचं. स्टर्लिंग, डून, कॅसल कँपबेल, लिनलिथगो आणि खाडीकाठचा ब्लॅकनेस ही सगळी ठिकाणं हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या एकाच संस्थेकडे आहेत. तिचा ठरावीक दिवसांचा पास मिळतो. एडिंबऱ्याचा किल्लाही त्यातच येतो. स्टर्लिंग, एडिंबरा आणि आणखी एखादा किल्ला होणार असेल तर सुट्या तिकिटांची बेरीज करून पासाच्या किमतीशी ताडून बघा. वॉलेस स्मारक आणि बॅनकबर्न या पासात नाहीत, त्यांची व्यवस्था वेगळी आहे. छोटे किल्ले हिवाळ्यात लवकर बंद होतात, काही दिवस उघडतच नाहीत, आणि जुन्या दगडकामाच्या दुरुस्तीसाठी एखादा भाग अचानक बंद ठेवतात. निघायच्या आदल्या रात्री संस्थेच्या संकेतस्थळावर बघण्याचा आळस करू नका.

मे आणि सप्टेंबर हे महिने मला सगळ्यात सोयीचे वाटतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण किल्ले संध्याकाळी पाच-सहालाच बंद होतात. तो उजेड नदीकाठी किंवा दफनभूमीत फिरायला वापरा. डिसेंबरात पावणेचारलाच अंधारतं. छत्री सामानात टाकू नका, वाऱ्यात ती उलटी होते. टोपी असलेलं पाणी न शिरणारं जाकीट घ्या आणि तळव्यांना पकड असलेले बूट. जुन्या गावातले रस्ते दगडी आणि चढाचे आहेत. ज्येष्ठांना वरपर्यंत टॅक्सीने नेऊन खाली पायी आणलेलं बरं.

शाकाहारींची आबाळ होत नाही, फक्त सुपाच्या बाबतीत जपून राहावं. डाळीचं सूप म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असतं, तेव्हा ‘स्टॉक’ कशाचा हे विचारा. ओट, डाळी आणि भाज्यांचं शाकाहारी हॅगिस बहुतेक ठिकाणी मिळतं. मिरी आणि मसाला असल्यामुळे ते आपल्या जिभेला लगेच पटतं. मासे खाणाऱ्यांनी कलन स्किंक हे धुरावलेल्या हॅडॉकचं दुधाळ सूप घ्यावं. रात्री साडेआठ-नऊनंतर स्वयंपाकघरं बंद होऊ लागतात, ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या माणसाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. व्हिसा युनायटेड किंगडमचा लागतो. युरोपच्या सहलीला जोडून जाणार असाल तर शेंगेन व्हिसावर इथे शिरता येत नाही.

शेवटच्या दिवशी एडिंबऱ्याकडे जाताना वाटेत लिनलिथगोला उतरा. राजवाडा स्टेशनापासून पाच-सात मिनिटांवर, तळ्याकाठी. ८ डिसेंबर १५४२ रोजी मेरी इथे जन्मली, म्हणजे किल्ल्यातला राज्याभिषेक, चर्चमधला तिच्या मुलाचा राज्याभिषेक आणि हा जन्म अशी तिची गोष्ट इथे पुरी होते. १७४६ मध्ये ब्रिटनच्या राजाची फौज इथे मुक्कामाला असताना आग लागली, तेव्हापासून वाड्याला छप्पर नाही. चौकातलं पाचव्या जेम्सचं तिमजली कारंजं बघून घ्या आणि वायव्येच्या मनोऱ्याच्या टोकावरची खोली. १५१३ मध्ये चौथा जेम्स फ्लॉडनच्या लढाईवर गेला तेव्हा राणी मार्गारेट तिथे वाट बघत बसली, असं सांगतात. तो परत आला नाही. दिवस हाताशी असेल तर इथूनच टॅक्सीने ब्लॅकनेसला जाता येतं. खाडीत घुसलेल्या जहाजाच्या आकाराचा तो किल्ला तासाभरात होतो.

एडिंबऱ्याहून विमान असेल तर शहरात जायची गरज नाही. स्टर्लिंग आणि लिनलिथगोहून येणाऱ्या पुष्कळ गाड्या एडिंबरा पार्कला थांबतात आणि तिथून ट्राम थेट विमानतळावर नेते. खिशात स्कॉटलंडच्या बँकांनी छापलेल्या पौंडाच्या नोटा उरल्या असतील तर त्या स्टेशनातच चहा-बिस्किटांवर संपवा. इंग्लंडातले दुकानदार त्या घ्यायला कुरकुरतात, आणि भारतात त्या बदलून मिळणं कठीण.